सोमवारची घारापुरी आणि शनिवारचा हत्ती

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी जवळ आली, की मुंबई, ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या घराघरांतून एकच मागणी ऐकू येते : गावाकडची मंडळी येणार आहेत, त्यांना एक दिवस मुंबई दाखवायची आहे. वृत्तपत्रांतून त्या सुमारास ‘पाहण्यासारखी ठिकाणे’ अशा याद्या छापून येतात आणि त्या मी अनेक वर्षे कापून ठेवत आलो आहे. परंतु ठिकाणे पुष्कळ ठाऊक असूनही दिवस कसा वाया जातो, याचा अनुभव मी स्वतः घेतला असल्यामुळे आणि त्यातली निम्मी चूक माझी, तर निम्मी या शहराच्या व्यवस्थेची आहे असे मला वाटत असल्यामुळे, हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे. आपण त्यास जागा द्यावी, ही विनंती.

मी एका बँकेतून निवृत्त झालो. डोंबिवली ते फोर्ट असा प्रवास मी तीन तपे केला, त्यामुळे मुंबई आपल्याला पाठ आहे अशी माझी समजूत होती. गेल्या मे महिन्यात माझी थोरली बहीण (तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो), तिचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे कराडजवळच्या गावाहून आमच्याकडे आली. मोठा नातू अकरा वर्षांचा आणि धाकटी नात पाचची. ‘मामा, पोरांना घारापुरी दाखवायचीच,’ असे भाच्याने आल्याआल्या सांगितले आणि मी तत्काळ होकार दिला. सकाळी सहाला उठून, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेऊन, लोकलच्या गर्दीत आक्काला कसेबसे बसवून आम्ही सातजण नऊच्या सुमारास गेटवेपाशी पोहोचलो. लाँचच्या तिकिटांची चौकशी केली, तेव्हा तिथल्या एका मुलाने माझ्याकडे जरा दयेनेच पाहिले आणि म्हणाला, ‘काका, आज सोमवार आहे. घारापुरी बंद.’

घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. ही गोष्ट गुप्त नाही, ती शोधली तर सापडते, आणि सापडवण्याची जबाबदारी माझीच होती. नोकरीत असताना मी शेकडो वेळा गेटवेवरून गेलो असेन, पण ज्याला रोज जायचे असते तो पाटी वाचत नाही. मग मी घाईघाईने दुसरा बेत काढला : वरळीचे नेहरू तारांगण. भाच्याने मोबाइलमध्ये पाहिले, तर तेही सोमवारी बंद. बोरिवलीची कान्हेरी लेणी? तीही सोमवारी बंद. तिथून जवळचे आधुनिक कलेचे राष्ट्रीय दालनसुद्धा सोमवारी बंद. अखेरीस उघडे असलेल्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात आम्ही शिरलो आणि तेवढ्याने दिवस काहीसा सावरला. जॉर्ज विटेट या एकाच वास्तुशिल्पकाराने गेटवे आणि हे संग्रहालय अशा दोन्ही इमारतींची रचना केली, ही गोष्ट मी नातवाला मोठ्या उत्साहाने सांगितली खरी. पण सकाळपासून समुद्रात बोटीने जायचे या आशेवर आलेल्या मुलाला घुमटाचे काय सांगायचे? ‘बोट कधी?’ हा त्याचा प्रश्न दुपारपर्यंत संपला नाही. धाकटी तर लघुचित्रांच्या दालनात माझ्या खांद्यावर झोपून गेली.

त्याच दुपारी दुसरा प्रसंग घडला आणि तो अधिक जिव्हारी लागला. दक्षिण मुंबईतल्या एका सार्वजनिक जागेपाशी आक्काला स्वच्छतागृहात जायचे होते. तिला मधुमेह आहे, वय चौऱ्याहत्तर. स्वच्छतागृह होते, नवे होते, बाहेर फरश्याही चकचकीत होत्या. आणि दाराला कुलूप होते. ‘किल्ली कोणाकडे?’ हे विचारत भाचा दोन पहारेकऱ्यांकडे आणि एका फुलवाल्याकडे हिंडला. शेवटी एका उपाहारगृहात शिरून, नको असलेला चहा सातजणांसाठी मागवून आम्ही तिची सोय केली. त्यानंतर उरलेला दिवसभर आक्काने पाण्याचा थेंब घेतला नाही. मे महिन्याच्या उन्हात मधुमेही बाईने पाणी न पिता राहणे म्हणजे काय, हे कोणत्याही डॉक्टरला विचारावे. ‘तहान नाही लागली मला,’ असे ती म्हणत राहिली. आपल्याकडच्या बायका प्रवासात पाणी का पीत नाहीत, याचे उत्तर त्या कुलपात होते. २०११ पासून मुंबईत महिलांच्या संघटना ‘राइट टू पी’ या नावाने हाच प्रश्न मांडत आल्या आहेत. त्या बातम्या मी वाचल्या होत्या आणि पान उलटले होते, हे इथे कबूल करतो.

डोंबिवलीला परतताना आक्का फक्त एवढेच म्हणाली, ‘तुझी मुंबई फार चालवते रे.’ ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. दिवाळीच्या सुट्टीत तीच मंडळी पुन्हा येणार असे कळले, तेव्हा मी बेत उलट्या टोकाने आखायला बसलो. आधी ठिकाणे आणि मग माणसे, असा माझा जुना हिशेब होता. या वेळी मी आधी आक्काचे गुडघे आणि पाच वर्षांच्या मुलीची झोप धरली. सलग अर्ध्या तासाहून अधिक चालणे नाही, दर दोन तासांनी स्वच्छतागृह, दुपारी बसायला सावली आणि एका दिवसात शहराचा एकच पट्टा, एवढ्या अटी मी कागदावर लिहिल्या. या अटींत बसणारे ठिकाण कोणते, हे शोधता शोधता माझे बोट भायखळ्यावर थांबले. दिवस शनिवार धरला. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असण्याचा संभव, बुधवारी राणीची बाग बंद. कामाच्या दिवशी जाता येते, पण परतताना सहा ते आठच्या गर्दीत दोन लहान मुलांना घेऊन डोंबिवलीची गाडी पकडणे ही सहल नव्हे, शिक्षा आहे.

भायखळा स्थानकापासूनच आमचा दिवस सुरू झाला, आणि हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपण स्थानकाकडे केवळ उतरण्याची जागा म्हणून पाहतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली आगगाडी भायखळ्यावरूनच गेली. तिथली जुनी दगडी इमारत अलीकडे नीट दुरुस्त झाली असून, २०२२ मध्ये तिला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा-संवर्धन पुरस्कारही मिळाला आहे. त्याच स्थानकाच्या फलाटावरील बाकावर बसून आम्ही धपाट्यांचा डबा उघडला. शेजारी एक हमाल विडी न ओढता नुसतीच बोटांत फिरवीत बसला होता. आक्काने त्यालाही एक धपाटे पुढे केले आणि त्याने ते निमूटपणे घेतले. भाचेसुनेच्या मते सगळ्या दिवसातली ती सर्वांत निवांत वेळ होती. डबा उघडायला जागा मिळाली, म्हणून सहल निम्मी यशस्वी झाली, असे म्हटले तर शहरी माणसाला हसू येईल. परंतु ज्या कुटुंबात सात तोंडे आहेत आणि दर वेळी उपाहारगृह परवडत नाही, त्यांना विचारून पाहावे.

वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालय, म्हणजे आपली राणीची बाग, सकाळी साडेनऊला उघडते. आई, वडील आणि दोन मुले अशा चौघांच्या कुटुंबाला १०० रुपयांचे एकच तिकीट आहे, सुट्या प्रौढाला ५० आणि मुलाला २५ रुपये. एखाद्या मोठ्या मनोरंजन उद्यानात एका माणसाच्या प्रवेशालाच याच्या कितीतरी पट रक्कम जाते. त्या उद्यानांबद्दल माझी तक्रार नाही, मुलांना घसरगुंड्या आवडणारच. पण दरडोई हजार-दीड हजार खर्च केल्याशिवाय मुलांचा दिवस मजेत जात नाही, ही समजूत मात्र आपण पालकांनीच मुलांच्या डोक्यात भरली आहे.

पेंग्विन पाहायला रांग होती. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आणलेल्या हम्बोल्ट पेंग्विनांनी राणीच्या बागेची गर्दी वाढवली हे खरे, आणि त्यावरून झालेले वादही वाचकांना आठवत असतील. मला त्यात शिरायचे नाही. काचेजवळ पोहोचल्यावर आमची धाकटी दोन्ही तळवे काचेला चिकटवून उभी राहिली. आतून एक पेंग्विन पाण्यातून सरळ तिच्या तोंडासमोर आला, वळला आणि गेला. तिने मागे वळून विचारले, ‘आजोबा, त्याला मी दिसले का?’ मागच्या लोकांनी ‘चला, चला’ केले नसते, तर ती तिथे दुपारपर्यंत उभी राहिली असती. असे क्षण रांगेत दीड मिनिट मिळतात. त्यामुळे पेंग्विन पहिल्यांदा, उघडल्याबरोबर पाहून घ्यावेत आणि मग बाकीची बाग सावकाश हिंडावी, असे माझे मत आहे. बहुतेक लोक उलट करतात आणि अकरानंतर उन्हात रांगेत उभे राहतात.

परंतु राणीच्या बागेचे खरे वैभव प्राणी नाहीत. ही बाग मुळात १८६० च्या दशकात वनस्पतिउद्यान म्हणून लावली गेली. तिथली गोरखचिंच पाहा. बुंधा असा, की आमच्या सातजणांच्या साखळीलाही तो भारी वाटला असता. उर्वशी नावाचे एक देखणे झाड आहे, त्याला लाल-पिवळ्या फुलांचे झुंबर लोंबतात. आम्ही गेलो तेव्हा फुले नव्हती, पण पाटी वाचून भाचेसुनेने ते नाव टिपून घेतले. आक्का एका जुन्या वृक्षाखालच्या बाकावर बसली आणि तिने पाऊण तास तिथून हलायचे नाव घेतले नाही. आम्ही येऊन-जाऊन तिच्याशी बोलत होतो. वृद्ध माणसाला सहलीत न्यायचे म्हणजे प्रत्येक ठिकाणी बरोबर ओढत न्यायचे नसते. त्याला एक चांगली जागा द्यायची आणि बाकीच्यांनी तिथे परत यायचे, हे मला त्या दिवशी कळले. पाठ टेकता येईल असा बाक, डोक्यावर सावली आणि हाकेच्या अंतरावर उघडे स्वच्छतागृह, एवढ्यावर आक्काची मुंबई सुंदर झाली.

आता त्या हत्तीविषयी. बागेच्या आवारालगतच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ मध्ये ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियम या नावाने लोकांसाठी खुले झाले आणि १९७५ मध्ये त्याला मुंबईच्या या मोठ्या विद्वानाचे आणि वैद्याचे नाव देण्यात आले. इमारतीच्या बाहेर काळ्या दगडाचा एक प्रचंड हत्ती उभा आहे. त्याच्या अंगावर सांधे दिसतात; कोठे कोठे तुकडे जोडल्याची रेषा स्पष्ट आहे. नातू त्याच्या पायावर हात फिरवत म्हणाला, ‘हा फुटला होता का?’ मी त्याला खाली बसवले आणि सांगितले, की हा घारापुरीचा हत्ती आहे. पोर्तुगीज त्या बेटावर उतरले, तेव्हा त्यांना हाच हत्ती दिसला आणि त्याच्यावरूनच त्यांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. पुढे १८६४ मध्ये इंग्रजांनी तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला, उचलताना साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले गेले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडून हत्ती इथे उभा केला गेला.

मे महिन्यात ज्या मुलाला घारापुरी नाकारली गेली होती, त्याच्या समोर घारापुरीचा हत्तीच येऊन उभा राहिला होता. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ‘म्हणजे आपण नाही गेलो, तर तोच आला!’ असे तो ओरडला आणि आजूबाजूचे दोन-तीन लोक थबकून माझे ऐकू लागले. त्यांच्यापैकी एक गृहस्थ परळचेच राहणारे होते. ‘इतकी वर्षं येतोय, हे ठाऊक नव्हतं,’ असे ते म्हणाले.

मग मी उत्साहाने पुढची गोष्ट सांगितली. फोर्टातल्या चौकाला काळा घोडा हे नाव ज्या पुतळ्यामुळे पडले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला गेला, आणि तोही इथेच, राणीच्या बागेत आहे. काळ्या घोड्याच्या चौकात आज जो घोडा दिसतो, त्याच्यावर स्वार नाही. तो २०१७ मध्ये नव्याने बसवलेला आहे. म्हणजे एका बेटाला नाव देणारा हत्ती आणि एका चौकाला नाव देणारा घोडा, दोघेही आपापल्या जागा सोडून भायखळ्यात राहायला आले आहेत. नातवाने दिवसभर मग तेच धरले. शाळेत सुट्टीवर निबंध लिहायला सांगितला, तेव्हा त्याने पेंग्विनांवर दोन ओळी लिहिल्या आणि हत्ती-घोड्यावर अख्खे पान, असे भाच्याने फोनवर सांगितले.

दुपारच्या जेवणाविषयी फार लिहीत नाही. दादरच्या बाजूला साबुदाणावडा, थालीपीठ आणि पियुष चांगले मिळण्याची परंपरा आहे, पण त्यासाठी उलट दिशेला जाऊन परत येणे पट्ट्याच्या नियमात बसत नव्हते. आम्ही भायखळ्यालाच साध्या खाणावळीत जेवलो आणि धाकटीला तासभर झोपू दिले.

चारच्या सुमारास तीन स्थानके पुढे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो. फ्रेडरिक स्टीव्हन्सने उभारलेली ही इमारत २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. आम्ही तिच्या समोर, महानगरपालिकेच्या बाजूने उभे राहून ती पाहिली, कारण आतून गर्दीत ढकलले जाताना ती कधीच दिसत नाही. छत्तीस वर्षे मी तिच्या पोटातून गेलो आणि वरच्या घुमटाकडे किती वेळा मान वर करून पाहिले असेल, हे सांगायला मला लाज वाटते. तिथून बेस्टची वातानुकूलित दुमजली बस घेतली. जुन्या लाल दुमजली गाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये आणि उघड्या टपाच्या गाड्या त्यापाठोपाठ ऑक्टोबरमध्ये बंद झाल्या. पर्यटन महामंडळाची ‘निलांबरी’ ज्यांनी अनुभवली, त्यांना रात्रीच्या रोषणाईत वरून दिसणारी मुंबई आठवेल. नव्या विजेच्या गाडीत वारा लागत नाही, काच मध्ये येते. पण वरच्या मजल्यावरच्या पुढच्या सीटवर बसायला मिळाले, की मुलांना त्याचे काही सोयरसुतक नसते. वातानुकूलित गाडीचे किमान भाडे १२ रुपये आहे. मोठ्या शहरातली इतकी स्वस्त आणि इतकी आनंदाची सैर दुसरी नसेल.

मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर सूर्यास्त होईपर्यंत आणि नंतरही आम्ही बसून राहिलो. आठ वाजता उठलो नाही, मुद्दाम साडेनऊ होऊ दिले, आणि टर्मिनसहून सुटणारी गाडी पकडली, त्यामुळे सगळ्यांना बसायला मिळाले.

एवढे सांगण्याचा हेतू माझ्या कुटुंबाचे प्रवासवर्णन करण्याचा नाही. हाच पट्ट्याचा हिशेब अन्यत्रही लागू पडतो. वरळीला नेहरू विज्ञान केंद्र आणि तारांगण एकमेकांपासून जवळ आहेत, आणि कफ परेडपर्यंत गेलेल्या भुयारी मेट्रोवर ‘विज्ञान केंद्र’ नावाचे स्थानकच झाल्यामुळे वृद्धांना तिथे नेणे आता पूर्वीच्या तुलनेत फार सोपे झाले आहे. तारांगणाचे खेळ मराठीतही असतात, वेळ तेवढी आधी विचारून घ्यावी. मलबार हिलवर म्हातारीचा बूट, फिरोजशहा मेहता उद्यान आणि २०२५ मध्ये उघडलेला झाडांमधून जाणारा ४८५ मीटरचा लाकडी मार्ग असा अर्ध्या दिवसाचा बेत होतो, मात्र त्या मार्गाची २५ रुपयांची तिकिटे आधी मोबाइलवर काढावी लागतात आणि ज्यांना ते जमत नाही त्यांनी घरातल्या तरुणाची मदत घ्यावी. चर्नी रोडचे तारापोरवाला मत्स्यालय, जिथे माझ्या पिढीने १९५१ नंतरच्या काळात पहिल्यांदा कासव पाहिले, ते मात्र आज बंद आहे. गावाकडच्या मंडळींना ते अजून आठवते आणि ती त्याचा हट्ट धरतात, तेव्हा आधीच सांगून टाकलेले बरे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिले, त्याकडे येतो.

पहिली गोष्ट साप्ताहिक सुट्टीची. ती कोणी घेऊ नये असे मी म्हणत नाही; कर्मचाऱ्यांना विश्रांती हवी, लेण्यांना आणि प्राण्यांनाही हवी. परंतु सोमवारी काय बंद आणि बुधवारी काय बंद, हे सामान्य माणसाला दाराशी येऊन कळू नये. त्यातही बारकावे आहेत. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली, तर राणीची बाग त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, बंद ठेवतात. उलट छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय वर्षभर उघडे असते आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या नेमक्या सर्वांना सुट्टी असलेल्या दिवशी बंद असते. हे दोन्ही नियम आपापल्या जागी योग्य असतील, पण ते एकत्र छापलेले मी कोठेही पाहिले नाहीत.

आपले वृत्तपत्र दर शनिवारी रविवारच्या मेगाब्लॉकची चौकट छापते आणि मी ती कापून दारामागे लावतो. त्याच चौकटीला लागून सुट्टीच्या दिवसांत आणखी एक लहान चौकट द्यावी : येत्या आठवड्यात कोणते स्थळ कोणत्या दिवशी बंद, घारापुरीच्या बोटी चालू आहेत की समुद्र खवळल्यामुळे थांबल्या आहेत, आणि तारांगणाचा मराठी खेळ किती वाजता. पाच-सहा ओळींचे काम आहे. मोबाइलवर हे सगळे असते, असे मला तरुण सांगतील. असते, पण गावाहून येणाऱ्या आक्काच्या वयाच्या माणसाला ते शोधता येत नाही आणि तिच्यासाठी शोधणारा मामा माझ्यासारखा निघाला, तर काय होते ते वर लिहिलेच आहे.

दुसरी विनंती महानगरपालिकेला आणि रेल्वेला. टर्मिनस, चर्चगेट, भायखळा, दादर अशा स्थानकांबाहेर एक मोठी, ठसठशीत मराठी पाटी लावावी. तिच्यावर जवळची प्रेक्षणीय स्थळे, त्यांचे सुट्टीचे वार, चालत लागणारी मिनिटे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जवळचे उघडे स्वच्छतागृह कोठे आहे, हे लिहावे. अंतर किलोमीटरमध्ये लिहू नये. म्हाताऱ्या माणसाला मिनिटे कळतात. आणि स्वच्छतागृहावर ‘किल्ली अमुक ठिकाणी मिळेल’ अशी पाटी लावण्यापेक्षा कुलूपच काढावे. ते बांधायला निधी मिळतो, फीत कापायला माणसे मिळतात. मग दिवसभर उघडे ठेवायला एक माणूस मिळत नाही, हे पटत नाही.

तिसरी गोष्ट डब्याची. प्रेक्षणीय स्थळी आत डबा नेऊ देत नाहीत, ते समजू शकतो. प्लास्टिक आणि उष्टे यांनी काय होते हे आपण सगळे पाहतो. पण मग प्रवेशद्वाराबाहेर चार बाक, एक नळ आणि एक कचरापेटी एवढी जागा असावी. मराठी माणूस घराबाहेर पडताना दशम्या, धपाटे, गुळाच्या पोळ्या बांधून घेतो, ही त्याची काटकसरही आहे आणि हौसही. त्याला पदपथाच्या कडेला, मोटारींच्या धुरात, पिशवी मांडीवर घेऊन खायला लावू नये. चारशे रुपयांचा बर्गर विकणाऱ्या दुकानाला जागा मिळते, मग डब्याला का मिळू नये?

आणि एक घारापुरीविषयी. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकून झालेला भीषण अपघात वाचकांच्या स्मरणात असेल. तेव्हापासून भाचेसून बोटीत बसायला कचरते, आणि मी तिला दोष देत नाही. बोट सुटण्याआधी प्रत्येक माणसाच्या, विशेषतः प्रत्येक मुलाच्या अंगावर त्याच्या मापाचे जीवरक्षक जाकीट चढलेले आहे की नाही, हे धक्क्यावरच तपासले जावे आणि त्याशिवाय दोर सोडू नये. प्रवाशांनीही ‘उकडते’ म्हणून ते मांडीवर काढून ठेवू नये.

फेब्रुवारीत आक्का डोळ्यांच्या तपासणीसाठी येणार आहे आणि मुलेही चार दिवस बरोबर येणार आहेत. नातवाने आतापासून फर्मान काढले आहे, की हत्ती पाहिला, आता त्याचे घर पाहायचे. मी मंगळवार धरला आहे. सकाळची पहिली लाँच, तासाभराचा पाण्यातला प्रवास, धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी, आणि पुढे त्या सव्वाशेच्या घरातल्या पायऱ्या. आक्का पायऱ्या चढणार नाही, तिथे डोलीवाले असतात. पण ‘माणसांच्या खांद्यावर मी जिवंतपणी जाणार नाही,’ असे तिने बजावले आहे. त्यामुळे ती खाली झाडाखाली बसेल आणि आम्ही त्रिमूर्ती पाहून तिच्याकडे परत येऊ. पायथ्याशी पाठ टेकायला बाक आणि उघडे स्वच्छतागृह आहे किंवा कसे, हे नुकतेच जाऊन आलेल्या एखाद्या वाचकाने आपल्या याच सदरातून कळवले, तर मी आभारी होईन.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
डोंबिवली (पूर्व)